लस शोधणारे आणि लस पोचवणारे

माझी पत्नी पिट्सबर्ग विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेत होती, तेव्हा मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात एक प्रश्न ठरलेला असे. "म्हणजे डॉक्टरच ना?" ती मूळची दातांची डॉक्टर, पुण्याची बी.डी.एस. "होते, आता हे शिकते आहे," असे तिने म्हटले की समोरच्या मावशींच्या चेहऱ्यावर हळहळ उमटे. चांगले दवाखान्याचे शिक्षण सोडून ही मुलगी कसले आकडे मोजत बसली आहे, असा तो भाव.

ते आकडे कसले, ते मोजणारे विद्यालय कसले, आणि आपल्या तब्येतीशी व खिशाशी त्याचा संबंध काय, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. वैद्यकशास्त्रात माझी मजल औषधाच्या दुकानापर्यंत. तेव्हा तज्ज्ञ म्हणून नव्हे, तर दोन वर्षे तिच्या पुस्तकांवर चहाचे डाग पाडत शेजारी बसून वाचणारा माणूस म्हणून लिहितो आहे.

धुराच्या गावातले विद्यालय

१९४० च्या सुमाराचे पिट्सबर्ग म्हणजे पोलाद आणि धूर. भरदिवसा रस्त्यावरचे दिवे लावावे लागत. १९४८ च्या ऑक्टोबरअखेरीस जवळच्याच डोनोरा गावात कारखान्यांचा धूर थंड हवेखाली कोंडला. थोड्याच दिवसांत २० माणसे दगावली आणि हजारो आजारी पडली. त्याच वर्षी मेलन घराण्याच्या एका विश्वस्त निधीने पिट्सबर्ग विद्यापीठाला सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर विद्यालय काढायला १ कोटी ३६ लाख डॉलर दिले. 'ग्रॅज्युएट स्कूल ऑफ पब्लिक हेल्थ' या नावाने ते पुढे अनेक दशके ओळखले गेले. ओकलंड भागात डिसोटो स्ट्रीटवर त्याची इमारत आहे.

दवाखान्यातला डॉक्टर आणि इथला अभ्यासक यांत फरक काय? त्याच गावचे उदाहरण देतो. पोलाद कारखान्यातला एखादा कामगार खोकत आला तर डॉक्टर त्याला तपासेल आणि औषध देईल. फार तर "विडीकाडी सोडा" असे सांगेल. विद्यालयातल्या मंडळींनी वेगळा रस्ता धरला. १९५३ साली ॲलेगेनी काउंटीतल्या पोलाद कारखान्यांत कामावर असलेल्या सुमारे ५९ हजार कामगारांच्या नोंदी त्यांनी गोळा केल्या. कोण कुठल्या खात्यात किती वर्षे होता ते लिहिले, आणि पुढे कोण कशाने गेला याचा वर्षानुवर्षे माग ठेवला. १९७१ साली विल्यम लॉइड यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. कोकभट्टीच्या माथ्यावर पाच किंवा अधिक वर्षे काम केलेल्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू अपेक्षेच्या दहापट होते. १९७६ साली केंद्र सरकारने कोकभट्ट्यांसाठी खास सुरक्षा नियम केले.

एकेका कामगाराच्या छातीला नळी लावून हे कळले नसते. आमच्या धंद्यात एका मशीनवर प्रोग्राम बंद पडला तर दोष त्या मशीनला देऊन मोकळे होता येते. हजार मशीनच्या नोंदी शेजारी-शेजारी मांडल्या की खरी गोम सापडते. या विद्यालयात पेशंट म्हणजे सबंध गाव.

लस निघाली १९५५ साली, मामांना ताप आला १९६० साली

या इमारतीपासून चालत जाण्याच्या अंतरावर साल्क हॉल आहे. तेव्हा ते म्युनिसिपल हॉस्पिटल होते. डॉ. जोनास साल्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलिओची लस तिथेच तयार केली. १९५४ साली अमेरिकेत सुमारे १८ लाख मुलांनी तिच्या चाचणीत भाग घेतला. १२ एप्रिल १९५५ रोजी लस सुरक्षित आणि गुणकारी असल्याचे जाहीर झाले. ते जाहीर करणारे मात्र साल्क नव्हते. ते होते डॉ. थॉमस फ्रान्सिस, मिशिगन विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयातले साथरोगतज्ज्ञ. ज्याने लस केली त्यानेच तिला गुण देऊ नयेत, ही शिस्त तेव्हा पाळली गेली.

आता माझ्या घरातली गोष्ट. माझे धाकटे मामा १९५८ साली सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यात जन्मले. १९६० च्या पावसाळ्यात त्यांना ताप भरला. ताप चार दिवसांत उतरला, पण उजवा पाय कायमचा लुळा पडला. पुढे कमरेपर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर आला. एका पायाने पॅडल मारीत मामा सायकलवरून तालुक्याच्या शाळेला जात. त्यांनी साखर कारखान्यात हिशेबनीस म्हणून नोकरी केली, दोन मुलींची लग्ने केली आणि कधी कुणापुढे रडगाणे गायले नाही. माझे गणित पक्के झाले ते त्यांच्यामुळे.

पत्नीच्या पुस्तकात १९५५ हे साल वाचले, आणि मी मनातल्या मनात वजाबाकी केली. उत्तर पाच आले. मामा आजारी पडले तेव्हा लस निघून पाच वर्षे झाली होती. शोध लागलेला होता, फक्त तो त्या खेड्यापर्यंत पोचला नव्हता.

या पाच वर्षांचा अभ्यास म्हणजे सार्वजनिक आरोग्य, अशी मी माझ्यापुरती व्याख्या केली आहे. लस थंड कशी ठेवायची, कुठल्या वस्तीत किती मुले आहेत हे कुणी मोजायचे, नको म्हणणाऱ्या आजीला कुणी समजवायचे, पैसा कुठून आणायचा, आणि काम झाले की नाही हे कसे तपासायचे, याचे शास्त्र आहे. भारतात १९९५ साली पल्स पोलिओ सुरू झाला. बोटाला शाई लावलेली आणि दारांवर खडूच्या खुणा केलेल्या आपल्यातल्या अनेकांनी पाहिल्या असतील. तरीही २००९ साली देशात ७४१ मुलांना पोलिओ झाला. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्याला सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत असलेला सगळा प्रदेश पोलिओमुक्त जाहीर झाला. पहिली लस निघाल्यापासून भारतातल्या शेवटच्या रुग्णापर्यंत ५६ वर्षे गेली.

जुन्या कागदांतले नऊ कोटी

माझ्या आवडीचे या विद्यालयाचे काम म्हणजे 'प्रोजेक्ट टायको'. १८८८ सालापासून अमेरिकेतल्या गावोगावच्या साथींचे साप्ताहिक आकडे सरकारी पत्रकांत छापले जात होते आणि कपाटांत पडून होते. विद्यालयाच्या चमूने २०११ पर्यंतचे आकडे संगणकात भरून घेतले. ५६ रोग आणि सुमारे ८ कोटी ७९ लाख रुग्णांच्या नोंदी. ट्यूको ब्राहे या खगोलशास्त्रज्ञाने जन्मभर ग्रहांच्या नोंदी करून ठेवल्या आणि त्यांच्या आधारे केप्लरने नियम शोधले. त्या ब्राहेचे हे नाव.

मग त्यांनी लस येण्यापूर्वीचे आणि नंतरचे आकडे ताडून पाहिले. १९२४ पासून लसीकरणामुळे अमेरिकेत काही संसर्गजन्य रोगांचे अंदाजे १० कोटी ३० लाख रुग्ण टळले, असा हिशेब २०१३ साली प्रसिद्ध झाला. जो आजार झालाच नाही त्याची आठवण कुणाला राहत नाही आणि त्याचे आभारही कुणी मानत नाही. तो मोजून दाखवावा लागतो. त्या मावशींना पडलेल्या प्रश्नाचे हे एक उत्तर.

विश्वासाचा धडा

या विद्यालयाचे पहिले डीन डॉ. थॉमस पॅरन. ते १९३६ ते १९४८ अमेरिकेचे सर्जन जनरल होते. लैंगिक रोगांविषयी उघड बोलण्याची बंदी त्यांनी मोडली. जागतिक आरोग्य संघटनेची घटना ज्या १९४६ च्या परिषदेत संमत झाली तिचे ते अध्यक्ष होते. विद्यालयाच्या इमारतीला त्यांचे नाव होते. २०१८ साली विद्यापीठाने ते काढले.

कारण टस्कीगी. अलाबामातल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना सिफिलिस असताना, पुढे पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरसुद्धा, उपचारापासून दूर ठेवून रोग कसा वाढतो ते पाहण्याचा प्रकार १९३२ ते १९७२ चालला. त्यांतली बारा वर्षे पॅरन या खात्याचे प्रमुख होते. ग्वाटेमालात माणसांना मुद्दाम संसर्ग करण्याचे प्रयोगही त्यांच्याच कारकिर्दीत झाले.

पत्नीच्या वर्गात यावर सविस्तर चर्चा झाली. दवाखान्यात माणूस आपल्या पायाने येतो. सार्वजनिक आरोग्याला त्याच्या दारात जावे लागते. दार उघडायचे की नाही हे तो ठरवतो, आणि एकदा विश्वास उडाला की चांगली लससुद्धा दाराबाहेर राहते. म्हणून आपल्या भाषेत बोलणारा, आपले जेवण ठाऊक असलेला माणूस या कामात लागतो. आता येतो तो आपल्याच मंडळींचा विषय.

आपल्या घरातला न पोचलेला उपाय

तीन वर्षांपूर्वी वार्षिक तपासणीत माझे ए-वन-सी ५.९ आले. तेव्हा मी छत्तीस वर्षांचा होतो. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, आणि ६.५ पासून मधुमेह. आईला मधुमेह, दोन्ही मावश्यांना मधुमेह. माझा वजन-उंचीचा निर्देशांक, म्हणजे बी.एम.आय., २४. अमेरिकेतल्या नेहमीच्या तक्त्यात २५ पर्यंत सगळे आलबेल. पत्नी म्हणाली, "तो तक्ता आपल्यासाठी नाही." अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१५ पासून आशियाई वंशाच्या लोकांची मधुमेहाची तपासणी २३ पासूनच करावी असे सांगितले आहे.

याचे कारण शोधणाऱ्यांत पुण्याचे नाव मोठे आहे. के.ई.एम. हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी, आपली बाळे जन्मतःच वजनाने कमी पण चरबीने त्या मानाने जास्त असतात, हे दाखवून दिले. २००४ साली त्यांचे आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी-शेजारी छायाचित्र 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. दोघांचा बी.एम.आय. अगदी एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्याकडच्या 'सडपातळ पण पोट सुटलेल्या' मंडळींचे यापेक्षा चांगले चित्र नाही.

उपाय? तो पोलिओच्या लसीसारखाच शोधून ठेवलेला आहे. अमेरिकेत २७ केंद्रांवर ३,२३४ उंबरठ्यावरच्या लोकांवर मोठी चाचणी झाली. त्या केंद्रांपैकी एक पिट्सबर्ग. निष्कर्ष २००२ साली आले. वजन सात टक्क्यांनी उतरवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालण्याइतका व्यायाम, हे ज्या गटाला शिकवले त्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिनच्या गोळ्या घेणाऱ्या गटात ३१ टक्क्यांनी. साठीपुढच्या लोकांत जीवनशैलीचा फायदा त्याहून जास्त, ७१ टक्के. चेन्नईला डॉ. रामचंद्रन यांच्या चाचणीत, २००६ साली, जीवनशैलीने २८.५ टक्के घट दिसली. म्हणजे आपल्या लोकांत फायदा आहे, पण सोपा नाही.

चाचणीत प्रत्येकामागे प्रशिक्षित माणूस होता. गावोगावी तसे कसे जमणार? म्हणून पिट्सबर्गच्या विद्यालयाने २००६ साली मधुमेह प्रतिबंधासाठी एक साहाय्य केंद्र काढले आणि तोच अभ्यासक्रम गटात, वर्षभराच्या बैठकांत बसवला. चर्च, ग्रंथालय, कचेरी, कुठेही घेता येईल असा. पोलिओच्या बाबतीत जे काम खडू आणि शाईने केले, तेच इथे वही आणि वजनकाटा करतो.

आमच्या बेसमेंटमधला वर्ग

पत्नीने ते प्रशिक्षण घेतले आणि ओळखीच्या बारा जणांचा गट आमच्या बेसमेंटमध्ये रविवारी सकाळी दहाला सुरू केला. मूळ पुस्तिकेत बेकन आणि मॅकरोनी. आमच्याकडे प्रश्न निराळे. एक वाटी भात म्हणजे कुठली वाटी? पोळीला तेल पिठात आणि वरून, दोन्ही मोजायचे का? एका आठवड्यात सगळ्यांनी खाल्लेले सगळे लिहून आणले. चतुर्थीच्या पानावर साबुदाण्याची खिचडी, वेफर्स, रताळ्याचा कीस आणि बर्फी निघाली. सासूबाई तेव्हा भारतातून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुमचं वजन उपासानंच वाढतंय रे." सगळे हसले, पण पुढच्या चतुर्थीला भगर आणि ताक आले.

बारांपैकी तिघांनी मधेच सोडले. नऊ टिकले, त्यांतल्या पाचांनी सात टक्क्यांची खूण गाठली. वर्षअखेरीस माझे ए-वन-सी ५.६ आले. नऊ माणसांवरून सिद्धांत मांडायचा नसतो, हेही त्याच विद्यालयात शिकवतात. तेव्हा हा पुरावा नव्हे, फक्त आपल्या जेवणातही हे जमते एवढे सांगतो.

थोडा हिशेब

हा विभाग आरोग्याबरोबर पैशाचाही आहे, म्हणून आकडे. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या २०२२ च्या हिशेबानुसार, मधुमेह असलेल्या माणसाचा केवळ मधुमेहापायी होणारा वैद्यकीय खर्च वर्षाला सरासरी १२,०२२ डॉलर. यातला मोठा भाग विमा कंपनी भरते हे खरे, पण डिडक्टिबल आणि को-पे आपणच भरतो.

याउलट प्रतिबंधाचा वर्षभराचा अभ्यासक्रम बऱ्याच जणांना नोकरीच्या विम्यातून मिळू शकतो. आपल्या कंपनीच्या विमा खात्याला 'डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम' असे स्पष्ट नाव घेऊन विचारा. मेडिकेअरमध्ये तो एप्रिल २०१८ पासून आहे. पार्ट बी असलेल्या पात्र माणसाला को-पे पडत नाही आणि आशियाई लोकांसाठी बी.एम.आय.ची अट २३ धरली आहे. ज्यांचे आईवडील ग्रीन कार्डावर येऊन मेडिकेअरमध्ये दाखल झाले आहेत त्यांनी हे जरूर पाहावे. केवळ भेटीसाठी आलेल्या आईवडिलांच्या प्रवासी विम्यावर मात्र विसंबू नये. त्यांची तपासणी भारतातून निघण्यापूर्वी करून घेतलेली बरी.

आणि हे शिक्षण स्वतःच घ्यायचे असेल तर? आपल्या मंडळात भारतातून दंतवैद्यक, आयुर्वेद किंवा फिजिओथेरपी शिकून आलेल्या आणि इथे परवान्यावाचून घरी बसलेल्या बऱ्याच सुना-मुली आहेत. त्यांच्यासाठी काही गोष्टी लिहून ठेवतो.

१. पूर्ण वेळ केल्यास एम.पी.एच.ला साधारण दोन वर्षे लागतात. विद्यालयाला सी.ई.पी.एच. या संस्थेची मान्यता आहे ना, ते आधी बघा.

२. एच-४ व्हिसावर शिकता येते, पण नोकरीचा परवाना ही स्वतंत्र बाब आहे. एफ-१ वर शिकणाऱ्यांना शिक्षणानंतर १२ महिने काम करता येते आणि बायोस्टॅटिस्टिक्स, एपिडेमिऑलॉजी अशा स्टेम यादीतल्या शाखांना आणखी २४ महिन्यांची सोय आहे. एकाच विद्यालयातल्या दोन शाखांत हा फरक असू शकतो. शाखेचा सरकारी कोड प्रवेशापूर्वी लेखी विचारा, नियमही त्या वेळी पुन्हा पडताळून घ्या.

३. पिट्सबर्गसारख्या विद्यापीठांत राज्यातल्या आणि राज्याबाहेरच्या विद्यार्थ्यांची फी वेगळी असते. राज्यात एक वर्ष राहून मग प्रवेश घेतल्याने किती वाचते हे कागदावर मांडून पाहा.

४. नागरिक आणि ग्रीन कार्डधारक मुलांसाठी: २०२५ च्या कायद्यानुसार १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना 'ग्रॅड प्लस' हे सरकारी कर्ज मिळत नाही. सारा खर्च कर्जावर उभा करण्याचा बेत असेल तर आधी आकडेमोड करा. सहायकपदे आणि संशोधन प्रकल्पांतल्या जागांची चौकशी पहिल्याच पत्रात करावी.

पत्नी आता काउंटीच्या एका आरोग्य प्रकल्पात नोकरी करते. दंतवैद्यकात मिळाला असता त्यापेक्षा पगार कमी आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण संध्याकाळी ती घरी येते तेव्हा दिवसभरात काय केले हे तिला सांगता येते, आणि मला ते समजते.

आता मंडळासाठी एक सूचना. या अभ्यासक्रमाचा गट चालवायला डॉक्टर असण्याची अट नाही, प्रशिक्षण घेतलेला सामान्य माणूसही चालतो. आपल्या मंडळात नाटकाच्या तालमीला तीन महिने दर शनिवारी वीस माणसे न चुकता जमतात. तेवढीच माणसे वजनकाट्याभोवती जमू शकतील. मंडळाने दोन स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणाचा खर्च उचलावा आणि शाळेची खोली महिन्यातून दोनदा द्यावी, असा अर्ज मी कार्यकारिणीकडे दिला आहे. ज्यांना गटात यायचे असेल त्यांनी पुढच्या तपासणीत ए-वन-सी करून घ्यावे आणि आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून आणावा. वाटी मात्र घरचीच आणावी.